बघायचं एकीकडे, घ्यायचं दुसरीकडे

पन्नाशीच्या बाईला बेबी हे नाव शोभत नाही, हे खुद्द बेबीलाही मान्य होतं. पण थोरांनी एकदा ठेवलेलं नाव बदलून द्यायची सोय कुठल्याच दुकानात नसते. बाकी बदलून मिळत नाही अशी वस्तू बेबीने जगात पाहिली नव्हती. खरेदीत तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं, आणि ते ती स्वतःच चारचौघांत सांगायची.

खरेदीचे दोन भाग असतात, बघणं आणि घेणं. ही दोन्ही कामं एकाच दुकानात उरकणारा माणूस एक तर श्रीमंत असतो नाही तर भोळा, असं तिचं स्पष्ट मत होतं. बघायचं ते चौकातल्या काचेच्या दुकानात. तिथे गार हवा, बसायला मऊ कोच, माणसाच्या उंचीचे आरसे आणि अदबीने बोलणारी माणसं. नीट घालून बघायचं, आरशात मागून-पुढून निरखायचं, नंबर ध्यानात ठेवायचा आणि "विचार करून सांगते हं" असं गोड म्हणून बाहेर पडायचं. मग पूल ओलांडून गोदामात जायचं. त्या दुकानाला पाटीवर चांगलं लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला गोदामच म्हणायचे. तिथे तोच माल, मागच्या हंगामातला, ढिगात पडलेला असे. बसायला खुर्ची नाही, आरसा एकच आणि तोही खांबामागे, आणि काही विचारावं तर माणूस शिडीवर.

बेबीला खरं प्रेम होतं ते गोदामावर. स्वस्त म्हणून होतंच, पण आणखीही एक कारण होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गोदामात तुमच्याकडे कोणी बघत नाही. काचेच्या दुकानात दार उघडणारा माणूस आधी आपल्या चपलांकडे बघतो आणि मग आपल्याकडे, असं तिला कायम वाटायचं. तो बिचारा तसं बघतही नसेल, पण बेबीच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या त्या व्हायच्याच. त्या दुकानातून फुकटात नंबर घेऊन निघताना तिला मुळीच वाईट वाटत नसे. उलट, बरी जिरवली असं वाटायचं.

तर या बेबीवर आप्पांच्या बुटांची जबाबदारी आली.

आप्पा म्हणजे तिचे वडील. जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत हिंडलेले. गावातला एक जिना त्यांनी चढायचा ठेवला नव्हता. आणि नेमका त्यांचाच पाय साखरेने धरला. हिवाळ्यात उजव्या पायाची बोटं काढावी लागली. जखम भरली, डॉक्टर म्हणाले, आता चालायला हरकत नाही, फक्त बूट नीट बघून घ्या. पण आप्पा खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत, याच्या पलीकडे जाईनात. पायावर चादर ओढून बसायचे. पाय धुवायचा तर दार लावून, स्वतःचा स्वतः. बेबीने एकदा मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "तू जा, स्वयंपाकाचं बघ." त्या वेळी स्वयंपाक कधीच झाला होता.

शेवटी बेबीनेच ठरवलं. गुरुवारी त्यांना रबरी सपातांवर गाडीत घातलं आणि काचेच्या दुकानात नेलं. बघायला.

बुटांच्या विभागात एक बाई होत्या. वयाने बेबीच्याच आसपास, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आप्पांना कोचावर बसवलं, स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मोजा काढू?"

आप्पांनी बेबीकडे पाहिलं. ती घाईघाईने म्हणाली, "त्यांचं जरा ऑपरेशन झालंय. मोज्यावरूनच बघितलं तर नाही का चालणार?"

"मोज्यावरून अंदाज येतो, पाय कळत नाही," बाई म्हणाल्या. "काका म्हणतील तसं करू."

आप्पांनी मान हलवली आणि छताकडे बघायला लागले. बाईंनी मोजा काढला. तो पाय त्यांनी दोन्ही हातांत धरून स्वतःच्या मांडीवर घेतला, कुणाचाही पाय घ्यावा तसा. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. पायावरून अंगठा फिरवून कुठे कडक आहे, कुठे मऊ आहे ते बघितलं, आणि मग जे विचारलं ते इतक्या दिवसांत कुणालाच सुचलं नव्हतं.

"काका, कुठे जायचंय चालत?"

बेबी म्हणणार होती, असंच, इथल्या इथे. पण आप्पा छताकडे बघतच म्हणाले, "बहिणीकडे."

"लांब राहतात?"

"चार गल्ल्या सोडून. तिसऱ्या मजल्यावर. माझ्याहून मोठी आहे, तिला आता जिना उतरवत नाही. रोज सकाळी जायचो मी चहाला. पायाचं झाल्यापासून भेट नाही."

आत्याशी रोज फोन होतो, म्हणजे सगळं ठीक चाललंय, अशी बेबीची समजूत होती. तिने वडिलांना बुटाचा नंबर विचारला होता, रंग विचारला होता, नाडी हवी की नको तेही विचारलं होतं. पण जायचंय कुठे, हे काही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"म्हणजे जिना आला," बाई म्हणाल्या. "मग टाच घट्ट हवी." त्या उठून आत गेल्या आणि एक काळा जोड घेऊन आल्या.

आता बेबीचं खरं काम सुरू झालं. डावा बूट हातात घेऊन, लेदर बघितल्यासारखं करून, तिने नाडीखालच्या जिभेच्या आतली चिठ्ठी वाचायला घेतली. अक्षर बारीक आणि चष्मा पर्समध्ये. कंपनीचं नाव, मॉडेलचा आकडा, नंबर, सगळं ती तोंडातल्या तोंडात घोकत होती. नेमकं त्याच वेळी बाईंनी स्टुलाखालच्या खणातून फोमचा एक तुकडा काढला, कात्रीने गोल कापला, मऊ कापडात गुंडाळला आणि उजव्या बुटाच्या पुढच्या पोकळीत बसवला. काढला, जरा छाटला, पुन्हा बसवला. आप्पा छताकडे बघत होते, बेबी चिठ्ठीकडे. दोघांनीही ते पाहिलं नाही.

"उठा काका. मी धरते."

आप्पा उठले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला त्यांनी बाईंचा हात सोडला. आरशापर्यंत गेले, वळले, परत आले, आणि न सांगता पुन्हा आरशाकडे निघाले. मीटर वाचायला निघालेल्या माणसाची ती जुनी चाल बेबीने किती तरी महिन्यांनी पाहिली, आणि तिला एकदम भरून आलं.

"बेबी," आप्पा तिच्या कानाशी येऊन म्हणाले, "इथेच घेऊ या गं."

बेबीने त्यांचा हात दाबला. हा दाब घरातल्या सगळ्यांना ओळखीचा होता. त्याचा अर्थ, तुम्ही गप्प बसा. भरून आलं म्हणून माणसाने तत्त्व सोडायचं नसतं. ती बाईंकडे वळून गोड हसली.

बाई म्हणाल्या, "जोड यांना छान बसलाय. फक्त एक लक्षात ठेवा हं, उजव्या बुटात मी..."

"हो हो, छानच आहे," बेबीने त्यांना मध्येच तोडलं. आता हे लोक पॉलिश गळ्यात मारणार, मोजे गळ्यात मारणार, हे तिला पाठ होतं. "विचार करून सांगतो हं आम्ही."

बाईंनी आप्पांच्या पायातले बूट उतरवून घेतले. मग म्हणाल्या, "सावकाश सांगा. या काका."

संध्याकाळी बेबी गोदामात होती. गुडघे टेकून, अर्धी ढिगात शिरून तिने तोच जोड शोधून काढला. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच नंबर. फक्त रंग तपकिरी. घरी येऊन तिने खोका आप्पांच्या समोर असा ठेवला की जणू शिकारच मारून आणली. आप्पांनी लगेच फोन उचलला. "ताई, रविवारी येतो. चालत येतो. हो, चालत! पाणी टाकून ठेव चहाचं."

मग बूट घातले. उठले. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला उजवा पाय बुटात पुढे सरकला, टाच मागून बाहेर आली आणि आप्पांचा तोल गेला. कपाटाचं दार हाताला लागलं म्हणून निभावलं.

बेबीने नाड्या आवळल्या. कापूस कोंबला. जुना मोजा कोंबला. कापूस टोचायचा, मोज्याचा गोळा व्हायचा. पायाला लाल वळ उठला तेव्हा आप्पा बूट काढून पलंगावर बसले आणि त्यांनी चादर ओढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "दुकानातला गालिचा मऊ होता, म्हणून चाललो असेन. पायच गेलाय, त्याला बूट काय करणार?"

ते रागावले असते तर बेबीने निभावून नेलं असतं. भांडायला तिला आवडायचंच. पण त्यांनी शांतपणे फोन उचलला आणि म्हणाले, "ताई, या रविवारचं जमेलसं दिसत नाही. पुढच्या रविवारी बघू." आत्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती फोनवर ओरडूनच बोलायची. तिचं उत्तर खोलीभर ऐकू आलं.

"बघू काय? माझे रविवार किती राहिलेत ते ठाऊक आहे का तुला?"

आप्पांनी फोन ठेवला. बेबी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बूट घेऊन आधी गोदामात गेली. शिडीवरच्या माणसाने वरूनच बूट पाहिले, आप्पांच्या पायाचं तिने सांगितलेलं ऐकून घेतलं. "बदलून देतो मावशी. पण याच्या खालचा नंबर दिला तर डावा चावेल आणि वरचा दिला तर उजवा पळेल. काय करता?"

"पण काचेच्या दुकानात हाच नंबर बरोबर बसला होता!" बेबी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

शिडीवरचा हसला. खाली उतरला. आजवर तो उतरलेला बेबीने पाहिला नव्हता. "तिथे बघूनच येतात सगळे. मी ओळखतो ना, नंबर पाठ करून आलेले असतात. तिथल्या बाईंनी काही तरी केलं असेल आत. मला ते येत नाही. येत असतं तरी या गर्दीत कुणाचा पाय घेऊन बसणार? तिथेच जा. रागावत नाहीत त्या."

"गोदामातले बूट घेऊन तिथे जाऊ?"

"काकांना चालायचंय ना?" तो म्हणाला, आणि शिडीवर चढून गेला.

रस्ताभर बेबी सबबी जुळवत होती. भाच्याने बाहेरगावाहून पाठवले. बक्षीस लागलं. शेजारणीने आग्रहच केला. घरून आप्पांना गाडीत घेतलं तेव्हा तिने भाच्याची सबब त्यांना ऐकवलीही. आप्पांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुला खोटं बोलायचं असेल तर मी बाहेर उभा राहतो. पण मला फार वेळ उभं राहवत नाही, तेव्हा लवकर बोल."

काचेचं दार उघडलं. त्या दिवशी बेबीचे कान असे तापले की त्यांवर पोळी फुगली असती. हातातल्या पिशवीवर गोदामाचं नाव केवढ्या तरी मोठ्या अक्षरांत होतं, आणि ते लपवायला तिने पिशवी उलटी धरली तर मागच्या बाजूलाही तेच नाव होतं.

चष्म्याच्या बाईंनी लांबूनच पाहिलं. पिशवी त्यांना दिसली असणारच. पण त्या आप्पांकडे बघून म्हणाल्या, "काका! झाली का भेट बहिणीची?"

बेबीची सगळी तयारी तिथेच कोसळली. भाचा गेला, बक्षीस गेलं, शेजारीण गेली. "नाही झाली," ती म्हणाली. "माझ्यामुळे नाही झाली. तुमच्याकडे घालून बघितले आणि तिकडून घेतले. आम्ही नेहमी तसंच करतो. तुम्ही काही सांगत होतात, ते ऐकूनही घेतलं नाही मी."

दुकानात गिऱ्हाईक होतं. दोघा-तिघांनी वळून पाहिलं. बाईंनी पिशवी हातात घेतली, बूट काढून उलटेसुलटे केले आणि म्हणाल्या, "तपकिरी मिळाला होय? आमच्याकडचा कधीच संपला. काळ्यापेक्षा हाच चांगला दिसतो. बसा काका."

त्या स्टुलावर बसल्या. स्टुलाखालचा खण ओढला आणि त्यातून कापडात गुंडाळलेला तो तुकडा काढला. आदल्या दिवशी कापलेला, तोच.

"ठेवलात?" बेबीच्या तोंडून निघालं.

"काकांच्या पायाचा आहे तो. दुसऱ्या कुणाला बसणार?" त्यांनी आप्पांचा मोजा काढला, पाय मांडीवर घेतला, लाल वळ पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. "अगं बाई, कापूस घातलात की काय? दुखलं असेल हो काका." वळाच्या जागी त्यांनी तुकडा आणखी थोडा छाटला, बुटात बसवला, आत हात घालून चाचपला. मग एक जादा तुकडा कापून कापडासकट बेबीच्या हातात दिला. "हा दबला की हा घाला. घालताना शिवण खाली. बघा, अशी."

या वेळी बेबीने डोळ्यांत तेल घालून बघितलं.

आप्पा उठले, चालले. आरशापर्यंत गेले, दारापर्यंत गेले. दार उघडणाऱ्या माणसाने सवयीने दार उघडलं आणि आप्पा खरोखरच बाहेर पडले, दुकानासमोरच्या दगडी फरशीवर दोन चकरा मारून, हसत आत आले. "गालिच्यामुळे नव्हतं तर ते," ते बेबीला म्हणाले.

बेबीने पर्स उघडली. "याचं काय द्यायचं?"

"याचं काही नाही. याचं बिलच होत नाही आमच्याकडे."

"पण तुम्हाला मालक बोलतील."

"मी त्यांना सांगून ठेवलंय, एवढं केलं की गिऱ्हाईक पुन्हा येतं," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. "येतं की नाही हे ते मोजत नाहीत, माझं नशीब."

बेबीही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतकी वर्षं हे दुकान म्हणजे आपल्याला कमी लेखणाऱ्या लोकांचं, तिथून काही उचलून आणलं तर पाप नाही, असा तिचा हिशेब होता. आणि इथल्या बाईला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी तिने पाय मांडीवर घेतला होता. एकदा नाही, दोनदा. बेबीला काही तरी मोठं बोलायचं होतं, पण तिला घासाघीस सोडून दुकानात दुसरं काही बोलायची सवय नव्हती.

"फार उपकार झाले तुमचे," ती कशीबशी म्हणाली.

"उपकार कसले? रविवार चुकवू नका म्हणजे झालं."

रविवारी सकाळी आप्पा निघाले. बेबी बरोबर होती, पण हात धरायचा नाही अशी तंबी मिळाली होती. चार गल्ल्या ते थांबत थांबत चालले. दर दुसऱ्या दाराशी कुणी तरी हाक मारी आणि आप्पा उभे राहून सांगत, "ताईकडे चाललोय." जिन्याशी त्यांनी कठडा धरला आणि डावा, उजवा, डावा करत चढले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत्या दारात खुर्ची टाकून बसली होती, बहुधा उजाडल्यापासून.

"उशीर केलास," ती ओरडली.

"हिवाळ्यात निघालो होतो," आप्पा म्हणाले.

मग ते उंबऱ्याशी अडखळले. आत्याच्या घरात चप्पल-बूट घालून आजवर कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तिला तपासायला येणारे डॉक्टरसुद्धा अनवाणी आत यायचे. बूट काढायचे म्हणजे पाय दिसणार. आप्पा वाकले, नाडीपर्यंत हात नेला आणि तिथेच थांबले. ते आता इथूनच मागे फिरतात की काय, असं बेबीला वाटलं.

आत्याला ऐकू कमी यायचं, पण दिसायचं सगळं. "राहू देत ते बूट," ती म्हणाली. "तसाच ये आत."

"फरशी पुसलीस ना?"

"पुन्हा पुसेन. तू ये."

आप्पा बुटांसकट आत गेले. स्वच्छ फरशीवर त्यांची पावलं दाराशी सुरू झाली आणि नेहमीच्या खुर्चीपाशी संपली. आत्या काठी टेकत मागून आली आणि समोर बसली. दोघं बराच वेळ नुसते एकमेकांकडे बघत राहिले. चहाचं पाणी उकळून उकळून आटत होतं, पण बेबीला गॅसकडे जाववेना.

मग आप्पा आपण होऊन वाकले आणि त्यांनी उजव्या बुटाची नाडी सोडली. बूट काढला, मोजा काढला, पाय समोरच्या पाटावर ठेवला. या वेळी त्यांनी छताकडे पाहिलं नाही. एका परक्या बाईने तो पाय दोनदा मांडीवर घेतला होता, तेव्हाच त्यातली लाज निघून गेली असावी, असं बेबीला वाटलं. त्या बाईंचे आभार कसे मानावेत ते तिला अजूनही कळत नव्हतं.

आत्या पुढे झुकली. तिने चष्मा सारखा केला, पाय नीट पाहिला, आणि हात लांब करून त्यावर ठेवला.

"एवढंच ना रे?" ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण हळू बोलतोय, पण सगळ्या जिन्याला ऐकू गेलं. "मला वाटलं, तू यायचाच नाहीस आता."